मजुरीचा रकाना

आमच्या लोणावळ्यात पाऊस ‘येतो’ असं कुणी म्हणत नाही. पाऊस ‘लागतो’. एकदा लागला की गणपतीपर्यंत त्याचं बिऱ्हाड हलत नाही. रेल्वेने पुणं इथून अवघं ६४ किलोमीटर, पण पुण्यात वर्षभरात मिळून जेवढा पडतो तेवढा आमच्याकडे जुलैच्या एखाद्या जोरदार पंधरवड्यात पडून जातो. वर्षाची सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास. शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना हे फार मौजेचं वाटतं. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायचं, भाजलेलं कणीस खायचं, चिक्कीचे दोन डबे घ्यायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरायचं. त्या ओल्या घरात चार महिने संसार करायचा असेल, तर मात्र पाऊस वेगळा दिसतो.

मिठाला पाणी सुटतं. काडेपेटीतल्या काड्या ओढल्या की नुसता गुलच निघून हातात येतो, म्हणून काडेपेट्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायच्या. चामड्याच्या चपलांवर हिरवी लव उगवते. लहान बाळाचे कपडे वाळवायला शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायची आणि तिच्यावर ते पसरायचे. मग सगळ्या घराला धुराचा आणि बाळंतशेपांचा मिळून एक वास येतो. माझ्या धाकट्या भावाच्या जन्माची माझी आठवण म्हणजे तो वास.

म्हणून आमच्याकडे मे महिना हा सुट्टीचा महिना नसे, तो बेगमीचा महिना असे. आजीचा शब्द ‘आगोट’. मृगाच्या तोंडावरचे ते दिवस आले की तिच्या बोलण्यात दुसरा विषय नसे. आगोटीचे कांदे आले का, आगोटीची लाकडं फोडून झाली का, लोणारी कोळशाचं पोतं कुणी सांगितलं का? अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत कारकून होते आणि आम्ही क्वार्टर्समध्ये राहत असू. दोन खोल्या, सहा माणसं, एक पगार. त्या पगारात वर्षाचं मसाल्याचं आणि चार महिन्यांचं बाकी सगळं मे महिन्यात भरायचं, म्हणजे एप्रिलपासूनच हात आखडता घ्यावा लागे. आम्हा मुलांना त्याचं काही वाटत नसे. आम्हाला दिसायची ती भरत जाणारी खोली.

आंबेमोहर कामशेतकडचा यायचा, ओळखीच्या शेतकऱ्याच्या घरचा. पोतं सोडलं की मोहोराचा वास शेजारच्या दोन घरांत जात असे. (आज मावळात इंद्रायणीचं राज्य आहे. १९८७ साली वडगावच्या भात संशोधन केंद्रातून हे वाण बाहेर पडलं, आंबेमोहर आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून. उत्पन्न जास्त, भात मऊ. चांगलाच तांदूळ आहे, मीही तोच खाते. पण शेजारच्या घरात वास जात नाही.) मिरच्या देठं काढून उन्हात कडकडीत वाळवायच्या आणि डंकनावर कुटायला न्यायच्या. तिथे सगळ्याजणी तोंडाला पदर बांधून बसलेल्या आणि तरी शिंकत असलेल्या. डोंगरातून ठाकर बायका करवंदं, जांभळं घेऊन येत. कच्च्या करवंदांचं लोणचं घालायचं, पिकलेली दुपारी अंगणात बसून फस्त करायची. आणि मग पापड, सांडगे, कुरडया.

पापडाच्या दिवशी क्वार्टर्समधल्या बायका एकेका घरी आळीपाळीने जमत. आज आमचे, उद्या शेजारच्या मावशींचे. पोळपाट-लाटणं ज्याचं त्याने आणायचं. आम्हा मुलांचं काम लाट्या पळवणं. उडदाची लाटी गोड्या तेलात बुडवून खाल्ली नसेल त्याला बालपण होतं की नाही, अशी मला शंका येते. पोट दुखेल, असं प्रत्येकीची आई ओरडायची आणि आपल्या पोराला हळूच एक लाटी द्यायची. पापड गच्चीवर धोतरावर पसरले की कावळ्यांना हाकलायला आमची नेमणूक. एक काळी छत्री, एक काठी आणि भूगोलाचं पुस्तक. पुस्तक कुणी उघडत नसे.

जुन्या वस्तू टाकायच्या असतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं. आजीची नऊवारी विरली की तिची दुपटी व्हायची. दुपटी विरली की ती गोधडीच्या आतल्या थरात जायची, तिथून फाटून बाहेर आली की पायपुसणं. पाऊस लागला की आजी खिडकीशी गोधडी घेऊन बसे आणि सुईत दोरा ओवायला आम्हाला हाक मारी. संध्याकाळी दिवे गेले आणि सगळे अगदीच कंटाळले तर आई शेंगदाण्याच्या वड्या करी. लोणावळ्यात राहून आम्ही चिक्की विकत घेतल्याचं मला आठवत नाही. चिक्की बाहेरगावी न्यायची असते. घरी गूळ कढईत ठेवायचा आणि त्याचा पाक वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बघायचा. थेंब मऊ राहिला तर थांबायचं, वाटीच्या तळाशी टणकन वाजला की दाणे ओतायचे आणि तूप लावलेल्या पाटावर भराभर लाटायचं. तो ‘टण्’ ऐकायला आम्ही तिघं भावंडं वाटीला कान लावून बसायचो. दुसऱ्या दिवसापर्यंत वड्या उरल्या तर हवेने मऊ पडत, म्हणून त्या उरू द्यायच्या नाहीत, हा घरचा नियम.

हे सगळं इतकं गोड आहे की इथेच थांबलं तर लेख पुरा होईल. असे लेख मी स्वतः लिहिलेही आहेत. वाचकांची पत्रं येतात, ‘ताई, आमच्या आईची आठवण आली’. पण एक गोष्ट मी त्यांतून नेहमी वगळत आले, ती आज सांगते.

१९७१चा मे महिना. मी तेव्हा अकरा वर्षांची. आईने कुरडयांसाठी पायलीभर गहू भिजत घातले होते. कुरडई ज्यांनी फक्त तळलेली पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी ते वाटायचे (तेव्हा पाट्यावर), चीक गाळून घ्यायचा आणि रात्रभर निवत ठेवायचा. चौथ्या दिवशी पहाटे चारला उठून वरचं पाणी ओतून टाकायचं आणि तो चीक आधणाच्या पाण्यात वैरून, गुठळी होऊ न देता, लाटण्याने घोटत शिजवायचा. हा चीक घट्ट होत जातो तसं लाटणं दोन्ही हातांनी फिरवावं लागतं, आणि चुलीची धग समोरून तोंडावर. मग गरम असतानाच सोऱ्यात भरून, ऊन चढायच्या आत, सगळ्या घालून व्हायला हव्यात. गार झाला की सोऱ्या दाबला जात नाही. आमच्या वाट्याला पहाटेचा वाटीभर गरम चीक यायचा, वर साखर आणि दूध. त्यासाठी आम्ही न उठवता उठायचो.

त्या दिवशी सकाळी नऊला आईच्या कुरडया घालून झाल्या होत्या. दुपारी तीनला राजमाचीच्या बाजूने आभाळ भरून आलं. वळीव आमच्याकडे सांगून येत नाही. आम्ही गच्चीवर पोचेपर्यंत थेंब पडायला लागले होते आणि धोतराची चार टोकं धरायला चार माणसं नव्हती. अण्णा कामावर, आजी गुडघ्यांनी अधू, मी आणि माझा आठ वर्षांचा भाऊ. अर्ध्या ओल्या कुरडयांवर पाऊस पडला की त्यांची खळ होते. सगळ्या पायलीची खळ झाली.

आई काही बोलली नाही. धोतर पिळलं, दोरीवर टाकलं. संध्याकाळी अण्णा आले, त्यांना कळलं, ते ‘अरेरे’ म्हणाले आणि चहा प्याले. रात्री जेवणं उरकल्यावर आईने पुन्हा पायलीभर गहू निवडायला घेतले. मी तिच्या शेजारी बसून खडे वेचले. चौथ्या दिवशी पहाटे पुन्हा गरम चीक मिळाला आणि आम्हाला फार आनंद झाला. खोटं कशाला सांगू, एका वर्षात दोनदा चीक मिळाला म्हणून तो मे महिना आमच्या लक्षात राहिला.

पुढे शिकले. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली आणि घाटमाथ्यावरच्या आम्हा मुलींना पुण्याचं कॉलेज आवाक्यात आलं. १९८२ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागले, लग्न होऊन तळेगावला आले आणि आयुष्याची कितीएक वर्षं त्याच लोकलमध्ये काढली. बायकांच्या डब्यात गवार मोडायची, मटार सोलायचे. घरी पोचेपर्यंत भाजी फोडणीला तयार. पण कुरडया, पापड, सांडगे मी कधी केले नाहीत. विकत आणले. सासूबाई समंजस होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. मात्र पाहुणे आले आणि पानात पापड वाढला की त्या न चुकता सांगत, ‘घरचे नाहीत हो, आणलेले आहेत.’ माझ्या पगारावर घराचं कर्ज फिटत होतं, तरी त्या एका वाक्याने मी पानावर मान खाली घालत असे.

काटकसरीच्या बाबतीत तळेगावकरांना तसं कुणी शिकवायला नको. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा करून देशी उद्योग काढायची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैशापैशांतून १९०८ साली तळेगावात काचेचा कारखाना उभा राहिला. पैसाफंडाचा कारखाना. माझ्या सासऱ्यांना त्याचा फार अभिमान. एका पैशाची कशी नोंद ठेवत, हे ते मला, बँकेतल्या सुनेला, रंगवून सांगत. मलाही ते ऐकायला आवडे. नोंद हा माझा धंदाच होता.

त्या धंद्यानेच पुढे माझी फजिती केली. १९९६ मध्ये माझी बदली मावळातल्या एका शाखेत झाली. नाबार्डने १९९२ साली देशभरात पाचशे बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला होता, आणि एव्हाना त्याचं वारं आमच्या तालुक्यापर्यंत पोचलं होतं. पवनेच्या बाजूच्या एका गावातल्या बारा बायकांचा गट आमच्याकडे आला. महिन्याला माणशी दहा रुपये साठवलेले, वही अगदी चोख. त्यांना पापड-कुरडयांच्या धंद्यासाठी कर्ज हवं होतं. अर्ज मी भरून घेत होते. गहू इतके, उडीद इतके, तेल, हिंग, पापडखार, सरपण, पिशव्या. मग रकाना आला ‘मजुरी’. मी विचारलं, ‘किती लिहू?’

त्यांची जी म्होरकी होती ती हसली. म्हणाली, ‘मॅडम, मजुरी कसली? घरच्याच बाया हायेत. शून्य ल्या.’

मी शून्य लिहिणार होते. पेन टेकलंही होतं. पण हिशेब जुळतोय का बघावा म्हणून कागदावर उलटा भागाकार मांडला. माल विकून जे सुटणार होतं ते बारा बायकांच्या चार-चार दिवसांवर वाटलं, तर दिवसाला माणशी चार रुपयेसुद्धा येत नव्हते. त्याच गावात भातलावणीला बाईची मजुरी त्याच्या कितीतरी पट होती. मी तसं सांगितलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण म्हणाली, ‘आता गं बया! म्हंजी आजवर आपुन घरात...’ आणि पुढचं बोललीच नाही.

आम्ही त्या दिवशी दर वाढवून अर्ज पुन्हा लिहिला. मजुरी धरून. ‘एवढ्याला कोण घेतंय?’ अशी शंका निघालीच. मी त्यांना लिज्जतची गोष्ट सांगितली. गिरगावातल्या सात बायका, उसने घेतलेले ऐंशी रुपये, १९५९चा मार्च महिना आणि पहिल्या दिवशी गच्चीवर लाटलेल्या पापडांची चार पाकिटं. आईच्या गच्चीवरचा पापड आणि त्या गच्चीवरचा पापड यांत चवीचा फरक असेलच, पण मोठा फरक हा की तिथे लाटणारीच्या हातावर लाटलेल्या वजनाचे पैसे पडत. (त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. बातमी वाचली तेव्हा मला माझ्या अर्जातल्या त्या रकान्याची आठवण झाली.) गटाचं कर्ज मंजूर झालं. धंदा फार मोठा झाला नाही, पण बुडालाही नाही, आणि हप्ते वेळेवर आले. बँकेच्या भाषेत ह्याला उत्तम खातं म्हणतात.

पुढच्या रविवारी मी लोणावळ्याला आईकडे गेले. अण्णा तोवर गेले होते, ती भावाकडे असे. मी मोठ्या उत्साहाने तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, ‘आई, तुझी पस्तीस वर्षांची मजुरी काढली तर ह्या गावात एक बंगला झाला असता.’ ती कपाटातून धोब्याचे कपडे काढत होती. मला वाटलं, ती हसेल, नाहीतर रागावेल. घरच्या कामाचे पैसे मोजू नयेत म्हणेल.

ती म्हणाली, ‘मजुरी कशाला हवी होती गं. ते सगळं मला आवडायचंच. चार बायका जमायच्या, गप्पा व्हायच्या, तुम्ही पोरं चीक खायचात.’ मग थोड्या वेळाने, कपड्यांच्या घड्या घालताघालता म्हणाली, ‘पण ती एकदा वळवात पायली भिजली ना, त्या दिवशी कुणीतरी म्हणायला हवं होतं, राहू दे ह्या वर्षी.’

पंचवीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मी तिच्या शेजारी बसून गव्हातले खडे वेचले होते, ते मला आठवत होतं. मी मदत केली, ह्याचा मला इतकी वर्षं अभिमान होता. आम्हाला कुणालाच ते वाक्य सुचलं नव्हतं. सुचणार तरी कसं? कुरडया घरात असतातच, जसं नळाला पाणी असतं. ‘राहू दे’ म्हणायला ती आधी कुणीतरी केलेली असते, हे डोक्यात यावं लागतं.

आई जाऊन आता बारा वर्षं झाली. मी २०२० साली निवृत्त झाले. टाळेबंदीचे ते महिने सगळ्यांनाच काही ना काही करायला लावून गेले, आम्ही गोधडीपासून सुरुवात केली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला तेव्हापासून आमच्या मावळात काय मिळत नाही? जमिनीच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या बंगल्यांच्या रांगांत सगळं घरपोच येतं. कुरडया तर बारा महिने. बचत गटाच्या मिळतात, चांगल्या असतात, त्यांवर छापलेली किंमत मी घासाघीस न करता देते. तरी गेल्या मे महिन्यात मी गहू भिजत घातले. पायलीभर नव्हे, एक किलो. का घातले, ह्याचं मला नीट उत्तर देता येणार नाही. तो चीक खावासा वाटला, एवढंच.

चौथ्या दिवशी पहाटे मुलगी-जावई, नातू सगळे मुक्कामाला होते. चीक घोटायला मी बसले आणि पाचव्या मिनिटाला माझ्या खांद्याने नकार दिला. मग आमचे हे उठले. सत्तरी गाठलेले, निवृत्त मुख्याध्यापक, आयुष्यात लाटण्याला हात न लावलेले. त्यांनी दोन्ही हातांनी लाटणं धरलं, कपाळावरचा घाम बाहीने पुसला आणि घोटता घोटता विचारलं, ‘तुझी आई हे पायलीचं करायची? दर वर्षी?’ मी म्हटलं, ‘एका वर्षी दोनदा.’

सोऱ्या जावयाने दाबला. कुरडया गोल न होता ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे झाल्या. थोडा चीक तळाला लागला होता, त्याचा वास सबंध घरात. नातवाने साखर-दूध घालून तीन वाट्या खाल्ल्या आणि हे रोज का करत नाही, असं विचारलं. मुलगी आयटीत आहे, तिला प्रत्येक गोष्टीचा तक्ता करायची सवय. तिने तिथेच कागद घेऊन गहू, गॅस, मीठ मांडलं आणि चार माणसांचे तास धरून मजुरीही मांडली. एकेक कुरडई दुकानातल्या पाकिटाच्या किमतीला पडली. ‘आई, हे अजिबात परवडत नाही,’ ती म्हणाली. जावई म्हणाला, पुढच्या वर्षी सरळ विकत आणू.

दुपारी आभाळ आलं, तेव्हा मात्र कागद उडाला आणि आम्ही सगळेच गच्चीवर धावलो. चादरीची चार टोकं धरायला पाच माणसं होती. पाऊस दोन-चार थेंब टाकून देहूकडे निघून गेला.

संध्याकाळी मी भांडी आवरायला गेले तर सोऱ्या जागेवर नव्हता. ह्यांनी तो घासून, पुसून, तेलाचा हात लावून, फडक्यात गुंडाळून कुठेतरी नीट ठेवला आहे. कुठे, ते अजून मला सांगितलेलं नाही.